संगणकात पाणी फिरवण्यापूर्वी खोलीची उष्णता मोजा

कापडाच्या व्यवसायात संगणकाचे काम आता पूर्वीचे राहिलेले नाही. एके काळी पेढीवरचा संगणक म्हणजे बिले, खतावणी आणि पुढे जीएसटीचे विवरण एवढ्यापुरता होता. दिवसभर चालू राहिला तरी तो कोमट होण्यापलीकडे जात नसे. आता ड्रेस मटेरिअलची छपाई डिजिटल झाली, नमुना पाहण्यासाठी गिऱ्हाईक पेढीवर यायचे थांबले आणि कापड अंगावर कसे पडेल याचे चित्र संगणकावर तयार करून त्याच्या मोबाईलवर धाडावे लागते. अशी पन्नास-साठ चित्रे तयार व्हायची म्हणजे मशीन रात्रभर पूर्ण ताकदीने चालते. मग ते तापते, पंख्यांचा आवाज वाढतो, काम मंदावते आणि एखादे दिवशी मशीन आपोआप बंद पडते.

अशा वेळी घरातला किंवा शेजारचा कोणी तरुण सल्ला देतो, "वॉटर कूलिंग करून टाका." आम्हालाही हा सल्ला मिळाला आणि आम्ही तो मानला. पहिल्यांदा केले ते चुकले आणि महागात पडले. दुसऱ्यांदा केले ते आजतागायत अल्हम्दुलिल्लाह व्यवस्थित चालू आहे. दोन्ही वेळी जे शिकलो ते व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे मांडावे, या हेतूने हा लेख आहे. कारागीर बंधूंसाठी मुद्दाम, कारण हे काम संगणकवाल्यापेक्षा फिटरच्या हाताचे जास्त आहे.

प्रथम ही चीज काय आहे ते पाहू. संगणकाचा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड वीज खातात आणि जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर टाकतात. साधारणपणे त्यांच्यावर धातूच्या पातळ पात्यांचा गठ्ठा आणि पंखा बसवलेला असतो. वॉटर कूलिंगमध्ये तो काढून त्या जागी तांब्याचा एक चपटा ब्लॉक बसवतात. ब्लॉकच्या पोटात केसासारख्या बारीक खाचा असतात, त्यांतून पाणी जाते आणि उष्णता उचलते. तेथून नळीने पाणी रेडिएटरमध्ये येते, पंखे त्याच्यातून हवा ओढतात, पाणी निवते आणि पंप ते पुन्हा ब्लॉककडे धाडतो. एक छोटी टाकी असते, जिच्यातून पाणी भरता येते आणि हवेचे बुडबुडे वर येऊन निघून जातात. ज्याने मोटारीचे बॉनेट उघडून पाहिले आहे त्याला यात काही नवे नाही.

युक्ती जुनीच आहे. आयबीएम कंपनीच्या १९८० साली आलेल्या ३०८१ या मोठ्या संगणकात पाणी फिरत होते. ॲपलने २००४ साली टेबलावरच्या पॉवर मॅक जी-५ मध्ये द्रव फिरवला. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली बसवलेला परम ब्रह्म हा महासंगणकही पाण्यानेच निववला जातो. कारण सरळ आहे. एक लिटर पाणी एक अंश तापताना जेवढी उष्णता पोटात घेते तेवढी घेण्यासाठी सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते.

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक कारखान्यातून भरून, बंद करून आलेला संच, जो नुसता स्क्रूने बसवायचा. दुसरा सुटे भाग आणून आपल्या कॅबिनेटच्या मापाने जोडायचा. आम्ही येथे दुसऱ्याबद्दल बोलत आहोत.

पाणी थंडी निर्माण करीत नाही

आमच्याकडे, म्हणजे मालेगाव-भिवंडीकडे, पाण्याचा आणि थंडीचा संबंध दोन गोष्टींवरून ठाऊक असतो. एक माठ किंवा सुरही, दुसरा खिडकीतला गवताच्या ताट्यांचा कूलर. माठातले पाणी खोलीपेक्षा थंड होते, कूलरची हवाही खोलीपेक्षा थंड लागते. त्यामुळे संगणकात पाणी फिरले की तोही माठासारखा गार होईल, असे माणूस गृहीत धरतो. आम्हीही धरले होते.

ही समजूतच पहिल्या नुकसानीचे मूळ आहे. माठ पाझरतो, पाणी उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते, म्हणून उरलेले पाणी गार होते. कूलरमध्येही पाणी उडते, म्हणून तर दर दोन-चार तासांनी बादली ओतावी लागते. संगणकातले पाणी बंद नळीत असते, उडत नाही. ते फक्त हमाल आहे. प्रोसेसरची उष्णता पाठीवर घेऊन रेडिएटरपर्यंत जाते, तेथे हवेच्या स्वाधीन करते आणि परत येते. खोलीची हवा ४१ अंश असेल तर ते पाणी ४० अंशावर कधीच येणार नाही, मग पंप कितीही महागाचा आणा.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर खोलीचे तापमान हा खरेदीचा भाव आहे. त्याच्यावर पाण्याची चढत, पाण्यावर प्रोसेसरची चढत. खरेदीभावाच्या खाली माल विकता येत नाही, तसे येथे खोलीच्या खाली उतरता येत नाही. रेडिएटर मोठा केला तर मधली चढत कमी होते, मूळ भाव नाही.

आता हिशोब मांडू. कारागिरांमध्ये चालणारा ढोबळ आडाखा असा की १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढा रेडिएटर, पंखे बेताने फिरवले तर, सुमारे १०० वॉट उष्णता पाणी खोलीपेक्षा दहाएक अंश चढवून बाहेर टाकतो. आमच्या मशीनमध्ये २०२२ साली आलेला रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर आहे. कंपनी त्याची उष्णता १७० वॉट सांगते, पण पूर्ण कामाला लागला की तो २३० वॉटपर्यंत वीज घेतो. सोबत १७० वॉटचे ग्राफिक कार्ड. झाले ४०० वॉट. म्हणजे आडाख्याने चार पंख्यांचा रेडिएटर हवा.

पण हा आडाखा युरोपातल्या लोकांचा आहे, ज्यांच्या खोलीत २१-२२ अंश असतात. त्यांचे पाणी १० अंश चढून ३२ वर जाते. १५ किंवा २० अंश चढले तरी ४२, काही बिघडत नाही. आमच्याकडे एप्रिलमध्ये दुपारी खोलीतच ४१ असतात. तेथे २० अंश चढत म्हणजे पाणी ६१. संगणकासाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक पंपांची आणि नळ्यांची मर्यादा ६० अंशाच्या आसपास असते. जो रेडिएटर तिकडे "पुरेसा" म्हणून विकला जातो तो आमच्याकडे पंपाला मर्यादेबाहेर नेतो. तात्पर्य, त्यांच्या व्हिडिओत दोन पंख्यांचा रेडिएटर दिसला तर आपण चार-सहा पंख्यांचा धरावा.

बर्फ टाकून किंवा शीतयंत्र जोडून पाणी खोलीच्या खाली नेता येते हे खरे. पण मग थंड नळीवर आणि ब्लॉकवर हवेतले पाणी दवासारखे जमते आणि मदरबोर्डवर थेंब पडतो. पावसाळ्यात तर हमखास. हौशी मुलांनी टाकीत बर्फ टाकण्याचे प्रयोग केलेले आम्ही ऐकले आहेत. पेढीच्या मशीनवर कोणी करू नयेत.

आमचे कसे चुकले

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही एका दुकानदाराकडून सुटे भाग आणवले. तांब्याचा ब्लॉक, पंप, टाकी, पारदर्शक नळी आणि दोन पंख्यांचा रेडिएटर. रेडिएटर तांब्याचा आहे असे तोंडी सांगण्यात आले. जोडणी भाच्याने केली. पाणी म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात ते घातले आणि शोभेसाठी निळा रंग. हिवाळाभर मशीन इतके शांत चालले की येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही कौतुकाने दाखवीत होतो.

२०२३ सालचा रमजान मार्च-एप्रिलमध्ये आला. ईदच्या मालाची चित्रे इंदूर आणि हैदराबादच्या व्यापाऱ्यांना धाडायची होती. शेवटच्या अशऱ्यात मशीन बंद पडू लागले. आधी दिवसातून एकदा, मग तासाला एकदा. तरावीहनंतर काम लावावे आणि सहरीला उठून पाहावे तर पडदा काळा. भाचा म्हणाला, "मामू, पंप फिरतोय, पण टाकीत पाणी हलत नाही." ब्लॉक उघडला तेव्हा त्या बारीक खाचांमध्ये पांढरट राखाडी साय बसलेली होती, साबुदाण्याच्या खिरीसारखी, आणि तिच्यात निळा रंग गुठळ्या होऊन अडकलेला.

रेडिएटर तांब्याचा नव्हताच. तो काळा रंग मारलेला ॲल्युमिनिअमचा होता. तांबे आणि ॲल्युमिनिअम एकाच पाण्यात आले की बॅटरीच्या दोन पट्ट्यांसारखे वागतात. त्यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो, ॲल्युमिनिअम झिजत जाते आणि त्याची पांढरी साय होते. ती पाण्याबरोबर फिरून सर्वांत अरुंद जागी, म्हणजे ब्लॉकच्या खाचांत, जाऊन बसते. आणखी काही महिने चालले असते तर रेडिएटरला सुईएवढे छिद्र पडून पाणी थेट ग्राफिक कार्डावर आले असते. तेवढ्यावरून निभावले. पण इंदूरचा निम्मा माल त्या ईदेला गेला नाही, तो बकरी ईदेपर्यंत गोदामात पडून राहिला.

दुकानदाराला विचारले तर म्हणाला, सगळे असेच वापरतात. आम्ही त्याचे नाव घेत नाही. पण मालातला ऐब गिऱ्हाईकाला आधी सांगणे हे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, हे आपल्या लोकांना नव्याने सांगायला नको. मीटरमागे चार काड्या कमी असलेले कापड आम्ही पूर्ण वाणाचे म्हणून विकले तर ते जसे हराम, तसेच ॲल्युमिनिअम हे तांबे म्हणून विकणे. घेणाऱ्यानेही आपली बाजू सांभाळावी. रेडिएटर, ब्लॉक आणि फिटिंग कोणत्या धातूची आहेत हे बिलावर लिहून घ्यावे. तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा हे एकत्र चालतात. त्यांच्यात ॲल्युमिनिअमचा एकही तुकडा, फिटिंगसुद्धा, येऊ देऊ नये. चुंबकाने ओळख पटत नाही, कारण तांबे आणि ॲल्युमिनिअम दोन्ही त्याला चिकटत नाहीत. हातातले वजन मात्र बोलते. तोंडाच्या आट्यांत डोकावले की पितळेचा पिवळेपणाही दिसतो.

रंगाबद्दल दोन शब्द, कारण हा आमच्या धंद्यातला विषय आहे. दुधासारखे दाट, चमकणारे रंगीत पाणी या कामासाठी तयार मिळते. दाट रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे कण. कच्च्या रंगाचे कापड जसे पहिल्या धुण्यात रंग सोडते, तसा हा रंग काही महिन्यांत कण सोडतो आणि ते खाचांत बसतात. शोभेच्या मशीनला ठीक, कामाच्या मशीनला नाही.

दुसऱ्यांदा जोडताना

या वेळी काम भाच्याच्या जोडीला एका रेडिएटर दुरुस्तीवाल्या उस्तादांकडे दिले. मोटारींचे रेडिएटर झाळण्यात त्यांचे केस पांढरे झाले आहेत. संगणक त्यांनी कधी उघडला नव्हता, पण पाण्याचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. आणि तरीही त्यांच्या दोन सवयी मोडाव्या लागल्या, त्या पुढे येतील.

सर्वांत आधी, एक पैसा खर्च न करता, प्रोसेसरची भूक कमी केली. या जातीच्या प्रोसेसरला बायोसमध्ये इको मोड असतो. आमच्या प्रोसेसरला १०५ वॉटचा इको मोड लावला की तो २३० ऐवजी १४२ वॉटपर्यंतच वीज घेतो. काम थोडे हळू होते, पण रात्रभराच्या कामात सकाळी फरक जाणवत नाही. हा प्रोसेसर मुळातच ९५ अंशापर्यंत स्वतःला ताणत नेतो, तो त्याचा बिघाड नसून तशी त्याची बनावट आहे. हे आम्हाला आधी माहीत असते तर कदाचित पाण्याच्या वाटेला गेलोच नसतो.

मग रेडिएटर. तीन-तीन पंख्यांचे दोन, तांब्या-पितळेचे. आता उष्णता १४२ अधिक १७०, म्हणजे ३१२ वॉट, आणि सहा पंखे. दर पंख्याला ५२ वॉट. पाणी खोलीपेक्षा पाच-सहा अंशच चढते.

ते बसवले कोठे, हा या जोडणीचा खरा फायदा आहे. आमची डिझाईनची खोली लूमच्या शेडला लागून आहे. रुईचे तंतू तेथे हवेत तरंगतच असतात. साधा पंख्याचा संगणक ते तंतू आत ओढतो आणि महिन्याभरात पात्यांवर गादी तयार होते. पाण्याच्या जोडणीत रेडिएटर कॅबिनेटच्या आत असलाच पाहिजे असे नाही. आम्ही दोन्ही रेडिएटर लाकडी चौकटीत ठोकून अंगणाकडच्या सावलीतल्या भिंतीवर, व्हरांड्यात लावले आणि भिंतीला भोक पाडून दोन नळ्या बाहेर नेल्या. उष्णता खोलीबाहेर गेली, तंतू दूर राहिले. कॅबिनेट मात्र पूर्ण बंद करू नये. मेमरी, एसएसडी आणि मदरबोर्डच्या वीज देणाऱ्या भागांवर पाणी जात नाही, त्यांना हवा लागतेच. एक सावकाश फिरणारा पंखा आणि त्याच्यापुढे धुता येईल अशी जाळी ठेवावी.

नवा रेडिएटर कोरा दिसला तरी त्याच्या आत झाळकामाचा मळ असतो. उस्तादांनी ते एका वाक्यात सांगितले आणि कोमट डिस्टिल्ड पाणी आत भरून, हलवून, सात-आठ वेळा ओतले. पहिल्या दोन वेळी काळे कण पडले. नळाचे किंवा बोअरचे पाणी यासाठीसुद्धा नको, त्यातला क्षार मागे राहतो.

नळीसाठी तीन पर्याय असतात. काचेसारखी कडक नळी गरम करून वाकवतात. ती दिसायला सुंदर असते, पण आमच्याकडच्या उन्हाळ्यात आणि हलवाहलवीत गैरसोयीची. पारदर्शक मऊ नळी स्वस्त असते, पण तिला मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू पाण्यात उतरते आणि खाचांत चिकटा धरतो. तिसरी काळी ईपीडीएम रबराची, मोटारीच्या होजच्या कुळातली. आम्ही ती घेतली. तिच्यात पाणी दिसत नाही, म्हणून भाचा थोडा नाराज होता.

आता त्या दोन सवयी. या कामातल्या फिटिंगचे आटे पाव इंची समांतर असतात, नळकामातले तेच माप. त्यामुळे फिटरचा हात आपसूक टेफ्लॉन टेपकडे जातो, जुन्या उस्तादाचा सूत-सफेद्याकडे. येथे दोन्ही नकोत. पाणी आट्यांत अडत नाही, फिटिंगच्या गळ्यातली रबरी ओ-रिंग दाबून बसते तेथे अडते. टेप लावला तर ओ-रिंग नीट बसत नाही आणि टेपचे धागे सुटून पाण्यात जातात. दुसरी सवय पान्याने शेवटचा झटका देण्याची. टाकी आणि ब्लॉकचे झाकण ॲक्रिलिकचे असते, झटका दिला की केसाएवढी चीर जाते आणि ती आठवड्याने गळते. हाताने आवळावे, ओ-रिंग दबलेली दिसली की थांबावे. उस्ताद हसून म्हणाले, पन्नास वर्षे हाताला जोर शिकवला, आता नाजूकपणा शिकवा.

पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावे की ग्राफिक कार्डाकडे, यावर मुले तासन्‌तास वाद घालतात. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल तर ३०० वॉट उष्णतेने ते एका फेरीत सव्वाचार अंशांच्या आसपास चढते. मिनिटाला चार लिटर फिरले तर एक अंश. म्हणजे क्रमाने फारसे काही बिघडत नाही, नळी जिकडून सोपी जाईल तिकडून न्यावी. दोनच बाबी पाळायच्या. टाकी पंपाच्या आधी आणि त्याच्यापेक्षा उंच असावी, कारण पंपाला त्यातले पाणीच वंगण देते आणि कोरडा फिरला तर तो लवकर जातो. दुसरे, ब्लॉकवर आत आणि बाहेर अशा खुणा असतात, त्या उलट करू नयेत. सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचा कॉक ठेवावा. तो आम्ही पहिल्या वेळी ठेवला नव्हता आणि पाणी काढताना मदरबोर्डवर चादर पसरून बसावे लागले होते.

ग्राफिक कार्डाचा ब्लॉक विकत घेताना कार्डाचे नुसते नाव पाहू नये. एकाच नावाची कार्डे वेगवेगळ्या कंपन्या वेगळ्या मांडणीच्या पाटीवर बनवतात, आणि ब्लॉक एकाच पाटीला बसतो. प्रोसेसरच्या ब्लॉकची पकडही सॉकेटप्रमाणे बदलते. कार्डाचे मूळ पंखे काढल्यावर वॉरंटी टिकते की नाही, हेही आधी वाचून घ्यावे.

पाणी भरण्याआधी हवा

जोडून झाले की लगेच पाणी ओतण्याचा मोह होतो. तो आवरावा. आधी हवेची परीक्षा. यासाठी हातपंप आणि काटा असलेले छोटे यंत्र मिळते. ते एका तोंडाला लावून अर्धा बार, म्हणजे सुमारे ७ पीएसआय दाब भरायचा. मोटारीच्या चाकात ३० च्या वर असतो, त्यावरून हा किती कमी आहे ते समजेल. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर येथे लावला तर ॲक्रिलिक फुटेल. अर्धा तास काटा जागचा हलला नाही तर जोड पक्के. हलला तर एकेक जोड साबणाच्या फेसाने नव्हे, हाताने तपासावा, कारण फेस मदरबोर्डवर नको.

आमचा काटा पहिल्या वेळी दहा मिनिटांत खाली आला. दोष निघाला एका ओ-रिंगवर, तिला रुईचा एकच तंतू चिकटला होता. तो हवेने दाखवला. पाण्याने दाखवला असता तर ग्राफिक कार्डासह दाखवला असता.

त्यानंतर पाणी. मशीनची वीज मदरबोर्डला, कार्डाला, कशालाही न देता फक्त पंपाला द्यायची. एसएमपीएसच्या २४ पिनच्या तोंडाला लावायचा तयार जंपर मिळतो, त्याने एसएमपीएस एकटा चालू होतो. तारेचा तुकडा खुपसण्यापेक्षा तो घ्यावा. टाकी भरायची, पंप काही क्षण चालवायचा, पाणी खाली गेले की बंद, पुन्हा भरायची. असे पंधरा-वीस वेळा होते. कॅबिनेट हळूच पुढे-मागे कलते केले की रेडिएटरमध्ये अडकलेली हवा गुडगुड करीत टाकीत येते. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू कागद ठेवायचा, म्हणजे थेंब पडला तर कागद सांगतो.

मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात. आम्ही गुरुवारी मगरीबनंतर पंप चालू केला आणि शुक्रवारी मगरीबपर्यंत, पुरे चोवीस तास, नुसते पाणी फिरवले. लूमचा खडखडाट नसल्याने पंपातल्या हवेचा बारीक आवाजही ऐकू येत होता. जुम्याहून परतल्यावर कागद पाहिले, सगळे कोरडे. मगच मदरबोर्डला वीज दिली.

पाणी कोणते घालावे? डिस्टिल्ड पाण्यात गंज आणि शेवाळ रोखणारे औषध मिसळून तयार मिळते, ते घ्यावे. शुद्ध डिस्टिल्ड पाण्यातून वीज फारशी जात नाही, म्हणून गळले तरी चालेल असे काही लोक सांगतात. महिनाभर धातूत फिरल्यावर ते शुद्ध राहत नाही, तेव्हा त्या भरवशावर राहू नये.

पंपाची वीज एसएमपीएसमधून घ्यावी, मदरबोर्डच्या पंख्याच्या पिनेवरून नको, कारण मोठा पंप २० वॉटच्या वर घेऊ शकतो आणि त्या पिनेला तेवढे झेपेलच असे नाही. त्याची वेग सांगणारी बारीक तार मात्र प्रोसेसरच्या पंख्याच्या पिनेला जोडावी. पंप फिरला नाही तर मशीन सुरू होतानाच तक्रार करते. आमच्याकडे वीज जाते-येते, त्याची चिंता नको. वीज गेली की पंप आणि प्रोसेसर एकदमच थांबतात. धोका पंप एकटा थांबण्याचा असतो, आणि तेव्हाही प्रोसेसर तापून स्वतःला बंद करतो.

आता सर्वांत महत्त्वाचा मशविरा, जो दुकानदार देणार नाही. ज्यांचे मशीन बिले करते, जेकार्डचे डिझाईन काढते, चौकटीत रंग भरते, त्यांना यातले काहीही लागत नाही. चार-पाच हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत उत्तम हवेचा कूलर मिळतो, त्यात गळण्यासारखे काही नसते. सुट्या भागांची चांगली जोडणी पन्नास हजारांच्या सहज वर जाते. ज्यांच्या खोलीत एसी आहे त्यांनी मशीन त्या खोलीत हलवावे. खरेदीचा भावच १५ अंशांनी उतरला तर बाकी हिशोब आपोआप जमतो. इको मोड फुकट आहे. जाळी धुणे फुकट आहे. हे सगळे करूनही रात्र-रात्र पूर्ण ताकदीचे काम असेल, खोलीत रुई उडत असेल आणि उष्णता भिंतीपलीकडे न्यायची असेल, तेव्हाच पाण्याचा विचार करावा. नुसत्या दिव्यांच्या रोषणाईसाठी पेढीच्या पैशातून हे करणे म्हणजे इसराफ.

मुलांसाठी मात्र यात रोजगार आहे. मोठ्या शहरांत हे काम करून देणारे मजुरी चांगली घेतात, आणि आमच्याकडे रेडिएटर झाळणारे, पाइप वाकवणारे, आटे पाडणारे हात गल्लोगल्ली आहेत. दोन-तीन जोडण्या उस्तादांच्या नजरेखाली केल्या की हुशार मुलगा तयार होतो. उस्तादांकडे आता असे दोन शागिर्द आहेत.

देखभालीचे थोडक्यात. आमची दुसरी जोडणी २०२३ च्या जूनमध्ये झाली. वर्षातून एकदा, रमजानच्या दोन महिने आधी, कॉक उघडून पाणी काढतो, ब्लॉक खोलून खाचा पाहतो, जुन्या टूथब्रशने हलकेच साफ करतो आणि नवे पाणी भरतो. पहिल्या वर्षी खाचांत किंचित हिरवट छटा होती, नंतर तीही नाही. टाकीतले पाणी नळीच्या अंगातून अगदी हळू कमी होते, दोन-तीन महिन्यांनी बोटभर भर घालावी लागते. एप्रिलच्या दुपारी व्हरांड्यात ४१ अंश असताना पाणी ४७ च्या आसपास असते आणि प्रोसेसर पूर्ण कामावर ७५ च्या घरात. रेडिएटरच्या पंख्यांवरच्या जाळ्या दर शुक्रवारी सकाळी, लूम थांबलेले असताना, भाचा ब्रशने झाडतो. व्हरांड्यातसुद्धा आठवड्यात चिमूटभर रुई जमतेच.